पूर्ण पत्ता

अॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममधला तीन नंबरचा कॉम्प्युटर अकरा मिनिटं बंद पडला आणि गाडीची वाट बघत एक म्हातारा गेला. चौकशी लागली. खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे झाडूवालीलासुद्धा ठाऊक होतं.

"पत्ता साठ अक्षरांच्या पुढे गेला आणि एंटर दाबलं की मशीन मरतं," ऑपरेटरबाई म्हणाली. "तीनदा लिहून दिलंय."

सिस्टिमचे साहेब हसले. "साध्या ऑपरेटरच्या लॉगिननं अख्खं मशीन पडत नसतं, बाई. काय उद्योग केलात ते कबूल करा. नोकरीच जाईल, पोलीस तरी येणार नाहीत."

"तिथं बसून दाखवा काय केलंत ते," चौकशीच्या मॅडम म्हणाल्या.

बाई तीन नंबरवर बसली, हेडफोन चढवला, तोच खराखुरा कॉल आला. एक बाई रडत होती, नवरा निळा पडला होता. पत्ता लांबलचक होता. इमारत, मजला, मागचा जिना, गल्ली, सगळं ती सांगत होती. ऑपरेटरबाईची बोटं कीबोर्डवर थांबली. तिनं मान वळवली.

"साहेब, नियमाप्रमाणे पूर्ण टाकू?"

हेडफोनमधलं रडणं आता सगळ्यांना ऐकू येत होतं.

"बोला ना. मशीन तर पडत नाही."

"अर्धाच टाक," साहेब ओरडले.

गाडी निघाली. मॅडमनी अहवालात तेवढेच दोन शब्द लिहून घेतले.