व्हिजिटर पार्किंग

निहार आणि शाल्मलीला नामिबियात स्वतः गाडी चालवत सफारी करायची होती. त्यासाठी लागणाऱ्या आंतरराष्ट्रीय परमिटची अपॉइंटमेंट आज होती. ती हुकली की ट्रिप गेलीच. दोघं दाराला कुलूप लावतायत तोच अपार्टमेंटचे सेक्रेटरी किरणकुमार यांचा फोन आला. निहारने तो स्पीकरवर टाकला.

“सर, स्वल्प, थोडं थांबा, बेसमेंटमध्ये येऊ नका. तुमच्या गाडीच्या टपावर बिबट्या बसलाय.”

“आमच्याच का?” शाल्मली भडकली. “गेटवर एंट्री केली का त्याची? ॲपवर अप्रूव्ह कोणी केलं?”

“मॅडम, तो कंपाउंडवरून उडी मारून आलाय. फॉरेस्टवाले येतायत, पण वेळ लागेल.”

“मग तोवर त्याला व्हिजिटर पार्किंगमध्ये बसवा ना!” निहार ओरडला.

शेवटी मागच्या गेटने बाहेर पडून त्यांनी ऑटो पकडली. हेब्बाळचा फ्लायओव्हर येईपर्यंत शाल्मली बिबट्याच्या नावाने बोटं मोडत होती.

परमिटच्या खिडकीवरच्या बाईंनी सहज विचारलं, “नामिबियाला कशाला चाललात?”

निहारचा चेहरा पहिल्यांदाच उजळला.

“तिथे म्हणे बिबट्या अगदी गाडीजवळ येतो.”