चेंडू मृण्मयीकडे

मैत्रिणीने 'रॅबिट' म्हणत टाकलेला चेंडू मृण्मयीने छातीशी घट्ट धरला. शेवटचं अक्षर टी, म्हणजे आता तिने टीवरून इंग्रजी शब्द सांगायचा.

पालकदिनासाठी मागच्या बाकावर बसलेली तिची आई, शलाका, श्वास रोखून बघत होती. टेबल, टोमॅटो, टायगर, सगळं तिने पोळ्या लाटताना, वेणी घालताना लेकीकडून घोकून घेतलं होतं. पदवी असूनही इंग्रजी मुलाखतीत आपली बोबडी वळली. पोरीचं तसं व्हायला नको.

मृण्मयीने वळून आईकडे पाहिलं. शलाकाने ओठांनी 'टेबल' दाखवलं, मग भुवया चढवल्या. पोरीचे डोळे भरून आले.

"एरवी हिला गप्प करावं लागतं हो," बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या. "परवा तर 'टॉयलेट' म्हणाली, वर्ग नुसता लोळला. तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

शलाका व्हरांड्यात आली. आत चेंडू आपटला आणि लेकीचा आवाज आला, मोकळा, खणखणीत: "टर्टल."

हा शब्द शलाकाने शिकवलाच नव्हता. टाळ्या ऐकून ती दाराशी धावली, आणि कडीला लावलेला हात तिने तसाच मागे घेतला.