जनावराची कात

"न्यूझीलंडमध्ये साप नाहीत," असं मी पापाकुरात आले त्याच दिवशी जावई म्हणाले. मी त्यांना तिथंच गप्प केलं. आमच्या भोरकडे त्याचं नाव घेत नाहीत, नुसतं जनावर म्हणतात.

माझ्या नातीला, गार्गीला, तो शब्द इतका आवडला की तिनं आपल्या हिरव्या पालीचं नावच जनावर ठेवलं. तिला वाटतं, जनावर म्हणजे कुठलाही प्राणी.

पाल काचेच्या पेटीत असते. आत ओल राहिली नाही तर तिची कात सुटत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा मारायचा आणि ओल मोजणाऱ्या मीटरचा काटा सत्तरवर ठेवायचा. ते काम माझ्याकडे.

आज शाळेला सुट्टी, गार्गी अजून अंथरुणात. लेक-जावई कामाला गेल्यावर मी बाटली घेऊन पेटीपाशी गेले. फवारण्याआधीच काटा शंभरावर होता आणि काच आतून धुरकटली होती. थोड्या वेळानं एका जागी ती निवळली.

आत कात पडली होती. पाल आपली कात खाऊन टाकते, हे गार्गीनंच मला शिकवलंय. शिवाय ही चांगली हातभर लांब होती, आणि हिला पाय नव्हते.

झाकणाची कडी बाहेरून लावलेली होती.

"गार्गी," मी हाक मारली, "पेटीत जनावराची कात आहे गं!"

"चिल, आजी," ती खोलीतून झोपाळू आवाजात म्हणाली. "जनावर इज विथ मी. ब्लँकेटमध्ये."

मी पुन्हा पेटीत पाहिलं. हिरवी पाल वरच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.