सातव्या चौकटीचं माप

"किती भरलं, ताई?" होडीवाल्या काकांनी विचारलं.

तिने तोंडातली नळी काढली, मोजायचा कॅलिपर होडीत टाकला आणि पाटीवरचा आकडा वाचला. "बेचाळीस मिलिमीटर."

"म्हणजे होतं तेवढंच," काका म्हणाले आणि त्यांनी समाधानाने मान डोलावली. तिला ते जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटलं.

दर महिन्याला हेच. समुद्रतळावरच्या सातव्या चौकटीवर बांधलेले प्रवाळाचे वीस तुकडे अकरा महिन्यांत केसभरही वाढले नव्हते. टोकं मात्र पांढरी, वाढत्या प्रवाळाची असतात तशी. बाकीच्या सहा चौकटींतलं प्रवाळ बोटभर वाढलं होतं, पण ते दुसरीकडून आणलेलं, तापल्या पाण्यात टिकणारं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी समुद्र तापला तेव्हा खडकावरचं सगळं प्रवाळ मेलं, जगलं ते एकच, आणि हे वीस तुकडे त्याचे. खडक पुन्हा उभा राहील तर यांच्याच जिवावर, असं तिने प्रकल्पाच्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांनी दिलेली मुदत आज संपत होती.

काळजीत कसूर नव्हती. काका पूर्वी एका बंगल्यावर माळी होते, पाण्याखालीही त्यांचा हात हलका. पहिल्याच दिवशी तिने त्यांना बजावलं होतं, सातवीवर विशेष लक्ष ठेवा, तिचं माप फार महत्त्वाचं आहे. तेव्हापासून प्रत्येक मोजणीच्या आदल्या दिवशी काका कमरेला ब्रश आणि जुनी कात्री लटकवून बुडी मारत, शेवाळ साफ करत.

तिने होडीतूनच साहेबांना फोन लावला. ते रागावले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. उद्या सातवी काढा, तिथं दुसरं लावू, एवढंच म्हणाले. तिचे डोळे भरून आले. समुद्राचं पाणी पुसल्यासारखं करून तिने टॉवेल तोंडावर फिरवला.

"काका, उद्या सातवी उपटायची."

दोर गुंडाळणारे काकांचे हात थांबले. "माझं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकणार? तीच वाढत नाही."

काकांनी दोर खाली ठेवला.

"वाढत नाही कशी? माप बिघडू नये म्हणून दर महिन्याला नखाएवढं खुडतो की मी. टाकवत नाही, म्हणून मागच्या बाजूला लावत गेलो. तिकडचा निम्मा खडक भरलाय, ताई."