दुखवट्याच्या साड्या

देऊन टाकायच्या साड्यांचा ढीग पलंगाच्या कठड्यापर्यंत पोहोचला, तेव्हा माधुरीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ही राहू दे. ही मी गेल्याच महिन्यात नेसले होते."

ऐश्वर्याच्या हातात वांगी रंगाची सुती साडी होती. ती हसली. सुनेचं हसणं गोड होतं, आणि त्या हसण्यापुढे माधुरीला कधी नाही म्हणता येत नसे.

"आई, आपलं काय ठरलं? आत्ता जसं जगतोय त्याच्यासाठी कपडे ठेवायचे. आधी जसं जगत होतो त्याच्यासाठी नाही. पुण्याला माझ्या आईचं कपाट मी असंच आवरून दिलं. इतकं हलकं वाटतं!"

"पण गेल्या महिन्यात तर..."

"गेल्या महिन्यात बाबा होते ना," ऐश्वर्या हळूच म्हणाली आणि तिने साडी ढिगावर ठेवली.

खुर्चीतल्या अंबिकावन्संनी मान डोलावली. धाकट्या भावाचे दिवस झाले तरी त्या लक्ष्मी गेटच्या आपल्या घरी परतल्या नव्हत्या. "पोरगी शहाणी आहे हो, माधुरी. हेच आम्ही सांगितलं असतं तर जुनाट ठरलो असतो."

कपाट आता खरोखरच हलकं दिसत होतं. मोतिया, राखाडी, सायीच्या रंगाची, फिकट बदामी. ऐश्वर्याने त्या हँगरना लावून सारख्या अंतरावर सरकवल्या.

"बघा. सगळे न्यूट्रल रंग. एकच ब्लाउज सगळ्यांवर चालेल. सकाळी विचारच करायला नको."

माधुरी बघत राहिली. मोतिया तिच्या ग्वाल्हेरच्या भावाने आणली होती. राखाडी वन्संची. सायीच्या रंगाची पुण्याहून, विहीणबाईंकडून आलेली. बदामी शेजारच्या श्रीवास्तव भाभीजींनी, मराठी लोकांत काय देतात ते विचारून घेऊन, मुद्दाम आणलेली. सगळ्या दुखवट्याच्या. तिने स्वतः दुकानात हात लावून, उजेडात धरून घेतलेली त्यांत एकही नव्हती.

दारात कुशल गाडीची किल्ली घेऊन उभा होता. गाठोडं एका संस्थेत पोहोचवायचं काम त्याच्याकडे होतं.

"झालं का? बांधू?"

"थांब," माधुरी म्हणाली. "उद्या मला मोठ गावच्या मंडईत जायचंय."

"अजून जाणार आहेस तू?" वन्संनी विचारलं. "पार मोठपर्यंत? बसने?"

"रजा संपली, वन्सं. नोकरी संपलेली नाही."

वजन-मापे खात्यात लागल्यापासून तिच्या वाट्याला मोठची धान्यमंडई होती. काटे तपासायला पोत्यांच्या थप्प्यांमध्ये वाकायचं, भुशात उभं राहायचं, अडत्यांशी वाद घालायचा.

तिने सायीच्या रंगाची साडी हँगरवरून ओढली आणि ऐश्वर्यासमोर धरली. "ही वाटेतलं चिरगाव येईपर्यंतच मातीच्या रंगाची होईल. बसला काचा नसतात. मंडईत तर विचारूच नकोस. तिथे वांगी लागते. गडद निळी लागते. तू मघाशी जो ढीग केलास ना, तेच माझं आत्ताचं जगणं आहे."

"बरं, गडद एक-दोन ठेवू या," ऐश्वर्या समजुतीने म्हणाली. "कामापुरत्या."

वन्संनी ढिगातून शेंदरी साडी दोन बोटांनी उचलली. "आणि ही? हीपण मंडईसाठीच का?"

"नाही. ती मी हौसेने घेतली."

कुशल खाकरला. "आई, जाने दे ना. ऐशू तुझ्या भल्याचंच सांगतेय. लोक उगाच बोलतात."

"कोण लोक?"

कुशलने किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "ऐसे ही... लोक."

माधुरीचे कान तापले होते. कोणीतरी तोंडावर म्हणालं असतं की आता तू रंग नेसायचे नाहीस, तर भांडता आलं असतं. इथे सगळे तिचं कपाट आवरायला मदत करत होते. एकाच्याही तोंडी तो शब्द नव्हता.

तिने उरलेल्या साड्याही काढल्या. मोतिया, राखाडी, बदामी. नीट घड्या घातल्या, एकीवर एक ठेवल्या आणि तो गठ्ठा ऐश्वर्यापुढे केला.

"तू घे. तुझ्या ऑफिसात छान दिसतील."

"मला? खरंच?" ऐश्वर्याने हात पुढे केले.

"अगं!" वन्सं खुर्चीतून उठल्याच. "सवाष्णीला दुखवट्याच्या साड्या देतेस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

ऐश्वर्याचे पुढे आलेले हात तिथेच थांबले. मग तिने ते मागे घेतले आणि ओढणीला पुसले.

"घे ना," माधुरी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "न्यूट्रल आहेत."

ऐश्वर्याने कुशलकडे पाहिलं. कुशलने फरशीकडे.

माधुरीने गठ्ठा पलंगाच्या पायथ्याशी ठेवला. मोठा ढीग दोन खेपांत उचलून परत कपाटात कोंबला. दार लागेना, तेव्हा गुडघ्याने दाबून लावलं. वांगी साडी बाहेर ठेवली होती. ती घेऊन ती इस्त्रीच्या टेबलाशी गेली आणि बटण दाबलं.

"बस की कुशल," तिने पाठमोरीच सांगितलं. "उभा का?"

अख्खा पलंग आता मोकळा होता. पायथ्याशी तेवढा तो फिका गठ्ठा.

कुशल उभाच राहिला.