कानावरचा डाग

“चावला? आपला बटण चावला?” आईचा विश्वासच बसेना.

मुलीने बोट पुढे धरलं. बोटाच्या पेरावर दोन बारीक टिंबं, त्यातून आलेला रक्ताचा एक थेंब आणि टोकाला कसलासा काळा डाग. आईने तिला नळाखाली नेलं, साबण लावला आणि पाच मिनिटं पाणी सोडून ठेवलं. सात वर्षांची पोर, पण रडली नाही. तिने एवढंच विचारलं, “त्याला कोणी रागावणार नाही ना?”

बाप दारात उभा होता. पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. तो मुलीच्या बोटाकडे नाही, पिंजऱ्याकडे बघत होता.

बटण म्हणजे मुठीत मावेल एवढा पांढराशुभ्र हॅमस्टर. डाव्या कानावर काळा डाग, म्हणून नाव बटण. मुलीचा जीव की प्राण. तो मंगळवारी दुपारी पिंजऱ्यात मरून पडला होता. मुलगी शाळेत, बायको तिच्या ब्युटी पार्लरमध्ये, आणि नेमका बाप घरी. पोर हाय खाईल या धसक्याने तो तसाच दुकानात पळाला आणि दुसरा पांढरा घेऊन आला. मेलेल्या बटणला शेजारी ठेवून सगळ्यात बारीक ब्रशने त्याने नव्याच्या कानावर हुबेहूब डाग काढला. पाट्यांचा रंग विषारी, म्हणून खाण्याचा रंग वापरला. रंगाच्या बाबतीत आपला हात कोणी धरणार नाही, कुठला रंग कशाचा हे आपण लांबून ओळखतो, असं तो चारचौघांत सांगायचा. मग मेलेल्या बटणला त्याने बाल्कनीतल्या कुंडीत पुरलं.

चार दिवस निभावले. प्रश्न रविवारचा होता. पिंजरा धुणं, बटणला पुसून काढणं हे काम आईचं. एकदा तो निसटून पळाला होता, तेव्हापासून ती ते न्हाणीघरात दार लावून करायची. रविवारी तिने कान पाहिला की पितळ उघडं पडणार, हे बापाला दिसत होतं. पण त्याआधीच, शनिवारी सकाळी, नव्या पाहुण्याने दात दाखवले.

डॉक्टरांनी बोट उलटसुलट पाहिलं. “धनुर्वाताचं इंजेक्शन?”

“गेल्याच वर्षी दिलंय,” आई म्हणाली.

“आणि हा प्राणी तुमच्याकडे किती दिवस आहे?”

“तीन वर्षं झाली. कधी कोणाला चावला नाही हो.”

“तीन वर्षं? अहो, हॅमस्टर दोन-अडीच वर्षं जगले तरी पुष्कळ. चांगलीच बडदास्त ठेवलेली दिसतेय.”

आई मुलीच्या केसांतली पिन नीट करू लागली.

“पण जुना, माणसाळलेला प्राणी असा एकाएकी चावला, तर तो आजारी असू शकतो,” डॉक्टर म्हणाले. “मग मला विचार करावा लागेल. काही असेल तर सांगा. त्यावर उपचार ठरतात.”

बापापुढे पेच पडला. पोरीचं मन जपायचं की पोरीला जपायचं? “तुम्ही दोघी व्हा पुढे,” तो म्हणाला, आणि दार लागताच त्याने सगळं ओकून टाकलं. मंगळवार, दुकान, ब्रश, कुंडी, सगळं.

डॉक्टर खो खो हसले. “मग असं सांगा ना! नवा आहे, घाबरलाय. अनोळखी बोट नाकाशी आलं की चावणारच. दुकानात ठणठणीत होता ना? मग काळजी नको. जखम स्वच्छ ठेवा. लाली, सूज किंवा ताप दिसला तर लगेच आणा. आणि आठवडाभर पिंजऱ्यात कोणी हात घालू नका.”

“इंजेक्शन?”

“कशाला? तुम्हाला हवंय का?”

बापाचा जीव भांड्यात पडला. घरी येईपर्यंत तो शीळ घालत होता.

घरी आल्यावर आईने फर्मान सोडलं. “चावरा प्राणी मला घरात नको. संध्याकाळी दुकानात देऊन या.”

मुलगी बाल्कनीत गेली आणि पिंजऱ्याला मिठी मारून बसली. जेवायला हाक मारली तरी उठली नाही. ते काही बापाला बघवेना. त्याने बायकोला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि दिवसभरात दुसऱ्यांदा तीच कहाणी सांगितली.

तो शिव्या खायच्या तयारीत होता. बायको स्टुलावर मटकन बसली.

“कुंडीत पुरलंत? कुठल्या?”

“लिंबाच्या.”

“माझ्या लिंबाच्या?” तिचा आवाज चिरकला. “खणताना काही... दिसलं नाही ना?”

“काय दिसायचंय? माती.”

“आणि डाग तुम्ही त्याचा बघून काढलात? अगदी शेजारी ठेवून?”

“तसूभर फरक नाही.”

ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या कष्टांची ही किंमत, म्हणून बाप जरा फुगलाच.

“राहू द्या त्याला,” डोळे पुसत ती म्हणाली. “पण हिला कधी कळता कामा नये. पोर कोसळेल.”

“माझ्या तोंडून तर नाहीच.”

दार उघडलं. मुलगी पिंजरा छातीशी धरून उभी होती. आतला बटण पाण्याच्या भांड्याशी कान खाजवत होता, आणि कान निम्मा पांढरा झाला होता.

“बाबा, तुमचा रंग नुसत्या पाण्याने जातो,” ती म्हणाली. “सकाळी मी पुसून बघितला, तेव्हाच तो चावला. मागच्या, दोन नंबरच्या बटणला आई न्हाणीघरात पार्लरचा कलप लावायची ना, तोच बरा होता.”