टोपीभर तिसऱ्या

राकेश दिसत नव्हता, आणि त्याचं लाइफ जॅकेट नितेशच्या पायाशी पडलं होतं.

ते काढायला लावलं होतं नितेशनेच. "मुरमुऱ्याचं पोतं दिसतोस त्यात. काढ, फोटो चांगला येईल." राकेशने मुकाट्याने जॅकेट काढलं आणि शेजारच्या कयाकमध्ये, नितेशच्या अंगावर भिरकावलं. फोटो झाल्यावर नितेशने वर आणखी मीठ चोळलं, "मुंबईकर, पोहता येत नाय तर टबात बसून वल्ही मारायची." राकेशला राग आला की तो भांडत नाही, निघून जातो. तसा तो निघाला आणि कांदळवनाच्या वळणाआड गेला.

खरं तर तिघा दोस्तांनी सकाळी भरतीवर निघायचं ठरवलं होतं. पण शिमग्यात देवीची पालखी घरी येऊन जाईपर्यंत पूर्णगडात उंबरा सोडतो कोण? पालखी आली दुपारी. ती नाचवून, नारळ देऊन, गाऱ्हाणं घालून होईतो भरती संपली आणि सुकती लागली. पुनवेचं उधाण जसं चढतं तसंच ओढतंही. खाडीचं सगळं पाणी मुखाकडे पळत होतं आणि मुखापुढे समुद्र होता. या पाण्यातच लहानाचा मोठा झालेल्या नितेशला हे कळत नव्हतं असं नाही. पण दोस्त वर्षाने भेटले होते, आणि शहाणपण तो घरी ओट्यावर ठेवून आला होता.

"राकेश!" मागून येणाऱ्या संदेशने हाक मारली. 

नितेश वल्हं मारत सुटला. हात पाण्यात आणि तोंड देवीपाशी. "आई, आताच माझ्या अंगणातनं गेलीस. त्याला सांभाळ. नारळ देतो." बोलून झाल्यावर त्याचीच त्याला लाज वाटली. नारळ काय, माणसं नवी सायकल घेतली तरी देतात. दोस्ताच्या जिवाला नारळ?

मग त्याने देऊ केलं ते ऐकून देवीसुद्धा चमकली असेल. हा माणूस श्रावण संपायची वाट बघत बोटांवर दिवस मोजणारा. ताटात मासा नसला की वेदिकाला, म्हणजे बायकोला, "आज उपास हाय काय?" विचारणारा. तो म्हणाला, "म्हावरा सोडतो, आई. मासे, कोलंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, सगळा. पुढच्या शिमग्याला तुझी पालखी दारात येईपर्यंत तोंडाला लावणार नाय. पण त्याला दे."

वळण संपलं आणि राकेशची पिवळी कयाक दिसली. रेतीवर कलंडलेली, रिकामी.  आता राकेशच्या आईला काय सांगायचं, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि त्यापुढे काही सुचेना.

"अरे, हिकडं!"

कयाकच्या पलीकडे पाणी ओसरून रेती उघडी पडली होती. तिथे गावातल्या बायका बसून रेतीतून तिसऱ्यांच्या शिंपल्या काढत होत्या, आणि त्यांच्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून राकेश उकिडवा बसला होता. पाणी जेमतेम त्याच्या घोट्याएवढं.

"पाणी गेला आनि मी रुतलो," तो म्हणाला. राग कधीच विरला होता. "म्हटला, नुसता बसून काय करू? तुझ्यासाठी काढल्या." त्याने टोपी पुढे केली. ती काठोकाठ भरली होती.

"ह्यो तुमचा काय?" त्या बायकांतल्या मथुराकाकूने विचारलं. "घेऊन जावा बाबा ह्याला. निम्मे दगडच भरलान."

नितेश कयाकमधून उतरला, जॅकेट उचललं आणि राकेशच्या अंगात चढवायला लागला.

"अरे, घोटाभर पाण्यात?"

"गप उभा ऱ्हा."

घाईघाईत तो पट्टे उलटसुलटच अडकवत राहिला. शेवटी संदेशने ते लावले. मग नितेश तिथेच ओल्या रेतीत फतकल मारून बसला.  तो हसत होता, आणि डोळे पुसत होता.

रात्री वेदिकाने भरपूर ओलं खोबरं घालून तिसऱ्यांचं सुकं केलं. वास पार अंगणापर्यंत गेला. तिघे पानावर बसले. नितेशने वरण मागून घेतलं आणि भात कालवायला लागला.

वेदिका वाढता वाढता थांबली. सगळ्यांदेखत तिने त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप हाय काय तुमाला?"

"नाय."

"मग माझ्यावर रागावलास?" राकेश म्हणाला. "तुझ्यासाठी काढल्या रे त्या."

नितेशने आपल्यापुढची वाटी उचलली आणि राकेशच्या पानात पालथी केली.

"तू खा," तो म्हणाला. "माझा पोट भरला."

राकेश एकेक शिंपली चोखून पानाच्या कडेला टाकत गेला, आणि नितेश गोड मानून वरणभात जेवत त्याच्याकडे बघत राहिला.